दुसरं सिझर: घाटावर जायचं की कुडाळातच?

पहिलं सिझर झालंय, दुसरंही सिझरच करायचं ठरलंय आणि घर मालवण-कुडाळच्या आसपास आहे, अशांसाठी हे लिहितोय. नॉर्मल करून बघायचं का, हा वाद आमच्या घरी आधीच मिटला होता. उरला होता जागेचा प्रश्न. आमच्यापुढे तीन वाटा होत्या: कोल्हापूरचं मोठं खाजगी हॉस्पिटल, ओरोसचं जिल्हा रुग्णालय आणि कुडाळातलं एका मॅडमचं नर्सिंग होम. तिन्हीकडे जाऊन आलो.

कोल्हापूरची बाजू आधी मांडतो, कारण कागदावर तीच भक्कम आहे. रक्तपेढी, मोठ्यांचा आणि बाळांचा आयसीयू, भूलतज्ज्ञ, सगळं एका छपराखाली. मध्यरात्री गरज पडली तरी कुणाला फोन करून बोलवावं लागत नाही. हे सुख कुडाळात नाही, आणि ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांनी पुढचं वाचूच नये.

पण तिथे एक गोष्ट डोक्यात गेली. पाटीवर ज्या सिनियर मॅडमचं नाव बघून आपण जातो, त्या ओपीडीत क्वचितच भेटतात. दर वेळी नवा चेहरा, आणि दर वेळी पहिला प्रश्न तोच: "पहिलं सिझर कशासाठी केलं होतं?" फाईल समोर उघडी असते. बायको पुन्हा सुरुवातीपासून सांगते, की कळा बराच वेळ आल्या, मग बाळाचे ठोके कमी झाले, मग घाईत आत नेलं. एका भेटीनंतर घरी येऊन कागद बघितला तर कारण म्हणून लिहिलं होतं 'बाळ पायाळू'. आमची मोठी मुलगी पायाळू नव्हती. ऑपरेशन कोण करणार, असं विचारलं की उत्तर यायचं, "टीममधलं कुणीतरी असेल, काळजी करू नका." असतीलही सगळे हुशार. पण पोट उघडणाऱ्या माणसाला आधीच्या टाक्याची गोष्ट ठाऊक असावी, एवढी माझी माफक अपेक्षा होती.

ही नुसती चिडचिड नव्हती, हे कुडाळात कळलं. मॅडमनी डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि बाजूला ठेवलं. त्यावर नुसतं 'एलएससीएस', म्हणजे सिझर झालं एवढंच, लिहिलेलं होतं. म्हणाल्या, "मला ऑपरेशन नोट हवी. डोंबिवलीहून मागवा." बऱ्याच कळा येऊन गेल्यावर झालेल्या सिझरमध्ये गर्भाशयावरचा छेद जरा खाली पडलेला असू शकतो, मूत्राशय त्याला चिकटलेलं असू शकतं, रक्त किती गेलं हेही नोटमध्येच सापडतं, असं त्यांनी समजावलं. बायकोचं माहेर डोंबिवलीचं, पहिलं बाळंतपण तिकडे झालेलं. मेहुण्याने खेटे घालून नोटची झेरॉक्स मिळवली. तुम्ही कुठेही जा, हा कागद मात्र आधी मिळवून ठेवा. जुनी हॉस्पिटलं देतात, फक्त मागावा लागतो.

आता कुडाळच्या उण्या बाजू. भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ बाहेरून येतात. आयसीयू नाही. रक्त ओरोसहून आणायचं. म्हणून आम्ही मॅडमना आडपडदा न ठेवता विचारलं: भूल देणारे डॉक्टर राहतात कुठे? स्पायनल, म्हणजे पाठीतून द्यायची भूल, देऊन लगेच दुसऱ्या केसला पळतात का? बाळाचे डॉक्टर बाळ बाहेर येताना समोर असतील की नंतर बोलावणार? भूलतज्ज्ञ कुडाळातच राहतात आणि पेशंट खोलीत जाईपर्यंत थांबतात, बाळाचे डॉक्टर सुरुवातीपासून हजर असतात, रक्ताच्या दोन पिशव्या आदल्या दिवशी क्रॉसमॅच करून, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी जुळवून, राखून ठेवायच्या, अशी सरळ उत्तरं मिळाली. "येतील हो, जवळच आहेत" एवढंच उत्तर मिळालं असतं तर मी कोल्हापूरच धरलं असतं.

घाटाचं म्हणाल तर तारीख जुलैतली होती. ठरवलेलं सिझर म्हणजे तारीख आपल्या हातात, हे अर्धंच खरं. कळा त्याआधीही सुरू होऊ शकतात, आणि मग जुन्या टाक्यावर ताण येऊ द्यायचा नसतो. फोंडा घ्या नाहीतर गगनबावडा, पावसात दरड कधी खाली येईल सांगता येत नाही. आई एकच वाक्य बोलली, "रात्रीचो पावसात घाट चढान खंय जातलास?" कोल्हापूरवाल्यांचा यावरचा उपाय होता आठवडाभर आधी येऊन खोली घेऊन राहण्याचा. मोठीची शाळा, आईचे गुडघे आणि लॉजचं जेवण मोजलं, तेव्हा तो उपाय सांगणाऱ्याला सोपा असावा असं वाटलं. कुडाळात तिसऱ्या दिवशी घरची पेज डब्यात आली.

ओरोसबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, म्हणजे २०११ पासून, सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त आणि न्यायची-आणायची गाडी मोफत असते. रक्तपेढी आणि नवजात बाळांचा विशेष कक्ष तिथेच आहे, वर २०२१ पासून वैद्यकीय महाविद्यालय. हिमोग्लोबिन कमी असेल, बाळ आधीच येण्याची शक्यता असेल किंवा पैशांची ओढाताण असेल, तर मी नर्सिंग होमच्या आधी ओरोसचं नाव घेईन. आम्ही नाही गेलो, कारण ऑपरेशन कोण करणार हे तिथेही आधी कळत नव्हतं.

पैशांचं एवढंच सांगतो: दोन्ही खाजगी ठिकाणी 'पॅकेज'मध्ये बाळाच्या डॉक्टरांची फी धरली आहे का, ते विचारा. कुडाळात धरलेली नव्हती, पण तसं आधी सांगितलं होतं. मूल बंद करण्याचं ऑपरेशन त्याच वेळी करायचं का, हेही दोघांनी घरी बसून ठरवा. टेबलावर विचारायची ती गोष्ट नाही.

आणि मुहूर्त. आमच्या एका काकांनी अमावास्या टाळायला तारीख दहा दिवस अलीकडे आणायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "अमावास्या नको तर दुसऱ्या दिवशी करू. पण ३९ आठवडे भरायच्या आधी, काही कारण नसताना, मी हात लावणार नाही." आधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, हे काकांना त्यांनीच फोनवर पटवलं. माझं मन बहुधा त्या दिवशीच ठरलं.

तरीही कुडाळचं नाव आम्ही पक्कं केलं ते वार, म्हणजे प्लॅसेंटा, वर सरकल्याची खात्री झाल्यावर. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार खाली, पुढच्या बाजूला, जुन्या टाक्याजवळ दिसली होती. ती टाक्यात रुतून बसली तर सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही, प्रसंगी गर्भाशय काढावं लागतं. ३२ आठवड्यांना पुन्हा बघितलं तेव्हा ती वर गेलेली होती. गेली नसती तर मॅडम स्वतःच आम्हाला मोठ्या ठिकाणी पाठवणार होत्या, चिठ्ठी लिहून देईन म्हणाल्या होत्या. तुमच्या रिपोर्टमध्ये वार तशीच खाली असेल तर माझी आवड बाजूला ठेवा आणि पावसाच्या आधीच कोल्हापूर गाठा. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल जवळ पडेल, आणि तिकडे जाताना घाट लागत नाही.