जुनी फोर्ड घ्यावी की जुनी शेवरोले? कंपनी गेल्यानंतरचा हिशोब

सेकंड हँड गाड्यांच्या जाहिराती चाळताना तीन-चार लाखांच्या पट्ट्यात मारुती-ह्युंदाईच्या रांगेत मध्येच एखादी फोर्ड इकोस्पोर्ट किंवा शेवरोले क्रूझ दिसते आणि बोट तिथे थांबतं. त्याच पैशात दुसरीकडे साधी हॅचबॅक मिळते, इथे मात्र जड दरवाजे, दमदार डिझेल आणि हायवेला न डगमगणारी गाडी. ती स्वस्त का, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. शेवरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली आणि फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ ला इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन्हींत फोर्ड, आणि फोर्डमध्येही १.५ डिझेल मॅन्युअल. शेवरोले घ्यायचीच असेल तर ठरावीक दोन-तीन मॉडेल्सच, तीही मेकॅनिक ओळखीचा असेल तर. कंपनी गेल्यावर गाडीचं पुढचं आयुष्य लोगोवर ठरत नाही. तिच्या इंजिनाला आणि सांगाड्याला बाजारात किती भाऊबंद आहेत यावर ते ठरतं. इथे या दोन कंपन्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो शंभर वर्षांपूर्वीच पडलेला आहे.

एकीचं एक मॉडेल, दुसरीची मोट

फोर्ड १९०३ ची, जनरल मोटर्स १९०८ ची, दोघी मिशिगनच्या. हेन्री फोर्डने १९०८ ते १९२७ एकच मॉडेल टी दीड कोटींच्या घरात बनवली आणि १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाइन टाकून ती स्वस्त केली. जनरल मोटर्सची रीत नेमकी उलटी. विल्यम ड्युरंटने ब्यूक, ओल्ड्समोबाइल, कॅडिलॅक अशा कंपन्या गोळा करून मोट बांधली, १९१८ मध्ये तिच्यात शेवरोले आली, आणि पुढे आल्फ्रेड स्लोनने प्रत्येक खिशाला परवडेल असा वेगळा ब्रँड उभा केला. ही सवय कंपनीच्या हाडीमाशी खिळली. जर्मनीची ओपेल, जपानच्या इसुझूमध्ये भागीदारी, २००२ मध्ये कोरियाची देवू, चीनमध्ये एसएआयसी या कंपनीबरोबर संसार.

भारतात दोघी दोनदा आल्या आणि दोनदा गेल्या. फोर्ड १९२६ मध्ये आली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली. नुसती जोडणी नको, इथे उत्पादन करा, असा सरकारचा आग्रह वाढल्यावर १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात दोघींनी गाशा गुंडाळला. दुसऱ्या खेपेला, १९९०च्या दशकात, फोर्ड महिंद्राचा हात धरून आली आणि पहिली एस्कॉर्ट नाशिकला बनली. जनरल मोटर्सने बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सबरोबर गुजरातेत हलोलला ओपेल अ‍ॅस्ट्रा काढली. शेवरोले हे नाव आपल्याकडे परतलं ते २००३ मध्ये.

आता बघा, भारतात शेवरोले म्हणून आपण काय विकत घेतलं. स्पार्क म्हणजे देवू मॅटिझच्या घराण्यातली. ऑप्ट्रा आणि अ‍ॅव्हिओ याही देवूच्याच. टवेरा इसुझूची. सेल चीनमधून आलेली आणि एन्जॉय वुलिंग या चिनी कंपनीच्या गाडीवर बेतलेली. लोगो एकच, पण खाली तीन देशांचे सांगाडे. कंपनी इथे होती तोवर कुणाला काही वाटलं नाही. ती गेल्यावर प्रत्येक मॉडेल एकटं पडलं, कारण एकाचा पार्ट दुसऱ्याला क्वचितच चालतो.

फोर्डचं तसं नाही. अ‍ॅलन मुलाली २००६ मध्ये प्रमुख झाल्यावर जगभर तीच गाडी विकायची हे धोरण पक्कं झालं. त्याच वर्षी कंपनीने निळ्या लोगोसकट बहुतेक मालमत्ता गहाण टाकून २३.६ अब्ज डॉलर उभे केले. त्या पैशावर ती २००९ च्या मंदीतून दिवाळखोरीशिवाय तरली. जनरल मोटर्सने मात्र १ जून २००९ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पॉन्टियॅक, सॅटर्न हे ब्रँड कायमचे बंद केले. तिकडच्या मालकांना निदान एवढा आधार होता, की शेजारचा शेवरोले डीलर त्यांची गाडी सर्व्हिसला आत घ्यायचा. आपल्या शेवरोले मालकांना तोही शेजार उरला नाही.

इकोस्पोर्ट ही मुळात ब्राझीलची गाडी. आपल्याकडची पिढी २०१३ मध्ये आली, चेन्नईजवळच्या मराईमलै नगरला बनली आणि तिथूनच युरोपात व २०१८ पासून थेट अमेरिकेतही गेली. एवढ्या देशांत एकच गाडी फिरते म्हटल्यावर पार्ट बनवणारेही बरेच, आणि तिच्या खोडीही जगजाहीर. घेणाऱ्याला या दोन्ही गोष्टी उपयोगाच्या.

इंजिन बघून गाडी निवडा

फोर्डचं १.५ टीडीसीआय डिझेल फ्रान्सच्या पीएसए समूहाबरोबर विकसित झालेल्या घराण्यातलं. इकोस्पोर्ट, फिगो, अ‍ॅस्पायर, फ्रीस्टाइल, सगळ्यांत तेच, ९०-१०० पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती). मालकांचं बोलणं ऐकलं तर तीन गोष्टी पुन्हापुन्हा येतात: हायवेला १८-२० चा अ‍ॅव्हरेज, लाखभर किलोमीटरनंतरही टिकलेला पिकअप, आणि स्टिअरिंगवरचा विश्वास. तक्रारी सस्पेन्शनच्या बुशेसच्या, क्लचच्या खर्चाच्या, आणि सर्व्हिस सेंटर आता पूर्वीसारखं जवळ नाही याच्या. बीएस-६ या प्रदूषण नियमाचं डिझेल, म्हणजे २०२० नंतरचं, घ्यायचं असेल तर एक सावधगिरी. त्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो आणि रोजचं पाच-सात किलोमीटरचं ऑफिस त्याला मानवत नाही. शहरातच फिरवणार असाल तर त्यापेक्षा साधं बीएस-४ बरं.

पेट्रोल फोर्डमध्ये मात्र डोळे उघडे ठेवा. १.० लिटर इकोबूस्ट आणि नंतरची ड्रॅगन मालिका (इकोस्पोर्टमध्ये १.५, फिगो-फ्रीस्टाइलमध्ये १.२), दोन्हींचा टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह ताळमेळात हलवणारा पट्टा) इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. घर्षण कमी होतं हा फायदा खरा. पण चुकीचं ऑइल घातलं किंवा बदलायला उशीर केला की रबर सुटायला लागतं, त्याचा भुगा ऑइलच्या जाळीत अडकतो, प्रेशर पडतं आणि इंजिन हातचं जातं. डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने अमेरिकेत १.० लिटर इंजिनाच्या इकोस्पोर्ट आणि फोकस मिळून सुमारे १ लाख ३९ हजार गाड्या ऑइल पंपाच्या बेल्टसाठी परत बोलावल्या. त्यातली इकोस्पोर्ट आपल्या मराईमलै नगरचीच. पेट्रोल आवडलीच तर ऑइल बदलल्याची पहिल्यापासूनची बिलं मागा. “सगळं टाइमवर केलंय साहेब” हे बिल नव्हे.

२०१७ च्या बदलापूर्वीची इकोस्पोर्ट ऑटोमॅटिक आणि फिगोची सुरुवातीची १.५ ऑटोमॅटिक, या दोन सरळ सोडून द्या. त्यांत पॉवरशिफ्ट हा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे. ट्रॅफिकमध्ये गाडी थरथरते, धक्के देते, या तक्रारी जगभर झाल्या. अमेरिकेत खटले चालले आणि ऑस्ट्रेलियात याच गिअरबॉक्सच्या तक्रारी हाताळण्यावरून २०१८ मध्ये कोर्टाने फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. नंतरच्या इकोस्पोर्टमध्ये टॉर्क कन्व्हर्टर हा पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, तो निवांत आहे. फोर्डच्या मोठ्या एसयूव्हीचा, एन्डेव्हरचा, विषय निराळा. तिचे चाहते बाजारभावापेक्षा जास्त मोजायला तयार असतात, त्यामुळे ती स्वस्तात मिळेल ही आशाच नको.

शेवरोलेत सगळ्यांत गमतीचं इंजिन बीट डिझेलचं. २०११ मध्ये आलेलं ९३६ सीसीचं हे तीन सिलिंडरचं डिझेल फियाटच्या प्रसिद्ध १.३ मल्टिजेटमधून एक सिलिंडर कमी करून घडवलेलं. मूळ १.३ म्हणजे स्विफ्ट, डिझायर, पुंटो, इंडिका व्हिस्टा यांतलं, अर्ध्या देशाच्या मेकॅनिकांच्या हाताखालून गेलेलं इंजिन. सेल डिझेलमध्ये तर ते चार सिलिंडरांसकट येतं. म्हणून यांत्रिक बाजूने बघायचं तर सेल १.३ डिझेल हा शेवरोलेतला सगळ्यांत शहाणा सौदा. बीट डिझेलमध्ये क्रँक, हेड वेगळं असल्याने तेवढी मोकळीक नाही. तिचे मालक अ‍ॅव्हरेजवर खूश आणि चढावर नाराज असतात. ५८ पीएसमध्ये चार माणसं, एसी आणि वरंधा घाट, गणित तुम्हीच करा.

पेट्रोल बीटच्या बाजूने एक मुद्दा आहे. जनरल मोटर्सने विक्री थांबवल्यावरही तळेगावचा कारखाना मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेच्या निर्यातीसाठी डिसेंबर २०२० पर्यंत चालू होता, आणि तिथे बीटच बनत होती. म्हणून इतर शेवरोलेंच्या मानाने तिच्या इंजिनाचे पार्ट बरे मिळतात. पुढे तो कारखाना ग्रेट वॉल या चिनी कंपनीला जाता जाता राहिला आणि शेवटी ह्युंदाईने घेतला.

क्रूझ. इथे मन आणि डोकं भांडतं. दोन लिटरचं डिझेल, आधी १५० आणि नंतर १६६ पीएस, एक्सप्रेस-वेवर तिसऱ्या गिअरमध्ये जी ओढ लागते ती या भावात आजही दुसरी गाडी देत नाही. जुने मालक तिच्याबद्दल हळवे होऊनच बोलतात. पण या जातीची इंजिनं आपल्याकडे ऑप्ट्रा, कॅप्टिवा आणि क्रूझ सोडली तर कुणी वापरली नाहीत. टर्बो किंवा इंजेक्टर गेला की गाडीच्या किमतीशी स्पर्धा करणारं एस्टिमेट हातात पडतं. घरात दुसरी गाडी असेल आणि ही शौकासाठी असेल, तरच.

टवेरा फक्त धंद्याच्या माणसाने बघावी. वऱ्हाडं, शिर्डीच्या फेऱ्या, सगळं तिने निभावलं, हे खरं. पण २०१३ मध्ये कंपनीने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, आणि तपासणीच्या वेळी कर्मचाऱ्यांनी कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं बसवल्याचं स्वतः कबूल केलं. पंधरा वर्षांच्या फिटनेसच्या उंबरठ्यावरची टवेरा घेताना हे लक्षात असू द्या.

पत्रा, काचा, दिवे

इंजिनाचे पार्ट मिळतात. खरी गोची अपघातानंतर होते. बंपर, हेडलाइट, फेंडर, मागची काच या गोष्टींना भाऊबंद नसतात, त्या त्याच मॉडेलच्या लागतात. फोर्डने सर्व्हिस आणि सुट्या भागांची व्यवस्था चालू ठेवली आहे. मालकांच्या सांगण्याप्रमाणे फिल्टर, ब्रेक पॅड लगेच मिळतात, बॉडीच्या पार्टसाठी थांबावं लागतं. शेवरोलेच्या बाबतीत अनेकदा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत फोन फिरवणं आलंच. म्हणून सेल आणि एन्जॉय घेताना बाहेरून जराही ठोकलेली नको. आणि आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कमी असल्याने मध्यम अपघातातही विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरू शकते, हे दोन्हींना लागू.

“अमेरिकन गाडी म्हणजे लोखंड” हे वाक्य विक्रेता टाकतोच. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१४ च्या अपघात-चाचणीत एअरबॅग नसलेल्या फिगोला शून्य तारे मिळाले होते. २०१७ मध्ये शेवरोले एन्जॉयलाही शून्यच, त्याच वर्षी फोर्ड अ‍ॅस्पायरला तीन. इकोस्पोर्टला युरो एनकॅपने २०१३ मध्ये चार तारे दिले, पण ती युरोपातल्या साधनसामग्रीची गाडी होती. दार जड लागतं म्हणून गाडी सुरक्षित ठरत नाही. तुमच्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग किती, हे आधी मोजा.

मग कुणी काय घ्यावं

महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर, त्यात सातारा-कोल्हापूर, कोकण: इकोस्पोर्ट १.५ डिझेल मॅन्युअल, २०१६ ते २०१९. बजेट त्याहून कमी असेल तर याच इंजिनाची फिगो किंवा अ‍ॅस्पायर. चालवायला तर फिगो डिझेलच जास्त मजेची, हे माझं प्रांजळ मत.

गाडी शिकण्यासाठी, दोन वर्षांत काढून टाकायची: पेट्रोल बीट चालेल, पण भाव पाडून घ्या, कारण तुम्ही विकाल तेव्हा समोरचाही पाडणारच. लहान गावात राहता आणि जवळचं फोर्ड सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर: मग मारुतीच घ्या, मी रागावणार नाही. जीपचं नाव कुणीतरी काढेलच. तीही मुळात अमेरिकन, पण आता स्टेलँटिस या समूहाची आणि रांजणगावात अजून बनते, म्हणून ती या हिशोबात धरलेली नाही.

पैसे देण्याआधी चार कामं करा. इंजिन थंड असताना पहिला स्टार्ट स्वतः मारा. स्कॅनर लावून जुने एरर कोड बघा. ऑइल कॅप उघडून आत डोकवा. आणि चेसिस नंबर कळवून जवळच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, की या गाडीचा डावा हेडलाइट आज मागवला तर किती दिवसांनी येईल आणि कितीला पडेल. त्यांनी तारीख सांगितली तर टोकन द्या. “बघून सांगतो” म्हणाले, तर विक्रेत्याला तेच उत्तर द्या.