टेक्निक्स एसएल-१२०० एमके२: जुना टर्नटेबल, मापात बसणारा

वजनकाटे आणि मापं तपासून देणं हा माझा पेशा. त्यामुळे 'आवाजाला ऊब आहे', 'सूर अंगावर मोरपीस फिरवतात' असली वर्णनं वाचली की माझं डोकं फिरतं. या टर्नटेबलबद्दल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राबद्दल, तसलं काही इथे मिळणार नाही. डीजे मंडळींनी त्याचं नाव मोठं केलं, जुन्या मालात तो भावही खातो. मी मात्र तो घेतला एका साध्या कारणासाठी: यात जे जे सरकू शकतं, त्यातलं बहुतेक सगळं मालकाला स्वतः मोजता येतं आणि जागेवर आणता येतं.

मूळ एसएल-१२०० हा १९७२चा. एमके२ आला १९७९मध्ये. २०१०मध्ये या घराण्याचं उत्पादन थांबलं आणि २०१६मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू झालं. माझ्याकडचा एमके२ वापरलेला, कोपरे घासलेला, झाकणावर चरे पडलेला. मोटरला मात्र काही झालेलं नाही. मोटरपासून चकतीला फिरवणारा पट्टा नाहीच, तो ढिला पडणार कुठून? प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती चकती) उचलून उलटा केला की खाली चुंबकाचं कडं दिसतं. म्हणजे प्लॅटर हाच मोटरचा फिरता भाग. बटण दाबल्यावर ०.७ सेकंदात पूर्ण वेग, असं कंपनीचं माहितीपत्रक सांगतं. डोळ्यांना तर तो लगेचच आल्यासारखा वाटतो.

प्लॅटरच्या कडेवर ठिपक्यांच्या चार ओळी आहेत आणि त्यांच्यावर लाल दिवा पडतो. पिचची (वेग कमीजास्त करायची) पट्टी मध्यावर आणली की हिरवा दिवा लागतो आणि मोठ्या ठिपक्यांची ओळ जागच्या जागी थांबलेली दिसते. बाकीच्या तीन ओळी अधिक ६, अधिक ३.३ आणि उणे ३.३ टक्क्यांसाठी. इथे माझ्यातला तपासनीस गप्प बसत नाही. दिव्याची लुकलुक आणि मोटरची चाल दोन्ही एकाच क्वार्ट्झवर (ठरावीक ठेक्यात कंप पावणाऱ्या स्फटिकावर) चालतात. म्हणून ठिपके थांबले याचा अर्थ मोटर क्वार्ट्झला धरून आहे, इतकाच. क्वार्ट्झ स्वतः खरा बोलतोय का, हे ठिपके सांगू शकत नाहीत. पण क्वार्ट्झ सहसा चळत नाही, त्यामुळे घरी ऐकायला एवढी साक्ष पुरेशी आहे.

आता लावण्याचं काम. आधी लेव्हल: चारही पाय फिरवून खालीवर होतात, स्पिरिट लेव्हल प्लॅटरवर ठेवून आडवी-उभी दोन्हीकडे बघायची. मग कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आणि तिच्या कंपांची वीज करणारा भाग. मी ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई लावलंय. हेडशेलच्या (टोनआर्म म्हणजे सुईच्या लांब हाताच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागाच्या) चार बारीक तारा चिमट्यानेच बसवा, बोटांनी नको. पांढरी डावी अधिक, निळी डावी उणे, लाल उजवी अधिक, हिरवी उजवी उणे. तार ओढायची नाही, टोकाची टोपी धरून ढकलायची. टोपी सैल असेल तर चिमट्याने किंचित दाबून घ्यावी. सगळ्या कामात हात थरथरावा असं ठिकाण हे एकच.

यानंतर येतो खरा वादाचा विषय. रेकॉर्ड कापणारी सुई सरळ रेषेत सरकते. आपली टोनआर्मच्या टोकाला असल्यामुळे कमानीत फिरते. त्यामुळे ती खाचेला अगदी सरळ बसते फक्त दोन ठिकाणी, बाकी सगळीकडे थोडी तिरपी. ती दोन ठिकाणं कुठली असावीत यावर लोक तावातावाने भांडतात. टेक्निक्सच्या स्वतःच्या मापाप्रमाणे (हेडशेलच्या रबरी वायसरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी) ती केंद्रापासून साधारण ५८.८ आणि ११३.५ मिमीवर पडतात. बेअरवाल्ड नावाची जी पद्धत जाणकार सुचवतात, तिच्यात ६६.० आणि १२०.९ मिमीवर. त्या पद्धतीला जायचं तर सुई जवळजवळ ३ मिमी पुढे न्यायची आणि कार्ट्रिज हेडशेलमध्ये जरा आतल्या बाजूला वळवून बसवायचं.

मी कंपनीचं मापच ठेवलंय आणि त्याला कारण आहे. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते. आत, शेवटच्या गाण्याशी, जेमतेम २१ सेंटीमीटर. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. 'स' आणि 'श' फुटतात ते तिथेच. गाणं चढत चढत शेवटी टिपेला पोचतं तेही नेमकं तिथेच. टेक्निक्सने सरळ बसण्याची एक जागा याच टोकाशी ठेवली आणि बाहेरच्या कडेकडे थोडा जास्त तिरपेपणा पत्करला. मला हा सौदा मान्य आहे. ज्यांच्या आवडत्या रेकॉर्डी आतपर्यंत भरलेल्याच नसतात, त्यांनी खुशाल बेअरवाल्ड करावं.

सुईच्या वजनाचं सोपं आहे. अँटी-स्केटिंग (टोनआर्मची आत ओढ आवरणारं बटण) शून्यावर ठेवा आणि मागचं वजन फिरवत टोनआर्म हवेत आडवा तरंगू द्या. मग वजन न हलवता फक्त आकड्यांचं कडं शून्यावर आणा, आणि त्यानंतर दोन्ही मिळून २ ग्रॅमपर्यंत फिरवा. या कार्ट्रिजला १.८ ते २.२ चालतं. अँटी-स्केटिंगही तेवढ्यावरच. तरीही सुईचा छोटा डिजिटल काटा जवळ असू द्या. माझ्या धंद्यात कड्यावर छापलेल्या आकड्याला कोणी पुरावा मानत नाही. काट्यावर मोजताना सुई रेकॉर्डच्याच उंचीला हवी. टोनआर्मची उंचीही ६ मिमीपर्यंत कमीजास्त होते: खटका सोडा, कडं फिरवा, रेकॉर्डवर टोनआर्म समांतर दिसला की खटका घट्ट करा.

देखभाल नावाला आहे. मधल्या दांड्याला दर २००० तासांनी तेलाचे दोन-तीन थेंब, बस. ज्याला त्याला तेल पाजणाऱ्यांनी हात आवरावा. हेडशेल जिथे अडकतं तिथल्या पिना मात्र काळवंडतात आणि मग एक बाजू मधूनच गप्प होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला की बहुतेक वेळा काम होतं. सुई झटकायची ती मागून पुढे, उलट कधीच नाही.

तक्रारीही आहेत. अॅम्प्लिफायरकडे जाणारी केबल आतून कायमची जोडलेली आहे, म्हणजे ती बदलायची तर तळ उघडून झाळणकाम आलं. अर्थची तार वेगळी आणि बारीक. ती तुटली किंवा जोडायची राहिली की घूंऽऽऽ असा आवाज येतो आणि माणूस उगाच अॅम्प्लिफायर उघडून बसतो. शिवाय कार्ट्रिजमधून निघतात फक्त ४ मिलिव्होल्ट. अॅम्प्लिफायरला फोनो इनपुट (एवढा क्षीण सिग्नल वाढवून घेणारी जोडणी) नसेल तर वेगळा फोनो प्रीअॅम्प लागणारच, हे आधी हिशेबात धरा. आणि वजन साडेबारा किलो, तेव्हा डगमगत्या फळीवर ठेवायचा विचारही नको.

वापरलेला घेणार असाल तर दिव्यांच्या झगमगाटाकडे दुर्लक्ष करून टोनआर्मकडे बघा. वजन शून्यावर तरंगत असताना हलकी फुंकर मारली तरी तो अडखळल्याशिवाय सरकला पाहिजे. हेडशेलजवळ धरून अगदी हळू मागेपुढे केलं तर खटखट जाणवता कामा नये. जाणवली तर बेअरिंग गेलंय आणि तो खर्च यंत्राच्या किमतीत मोजायला हवा. पिचची पट्टी वरपासून खालपर्यंत सरकवा: वेग सलग बदलला पाहिजे, उड्या मारत नाही. पट्टीत साचलेली धूळ साफ होते, पण डीजेच्या हाताखाली झिजलेली पट्टी बदलावीच लागते. शेवटी मागची व्होल्टेजची चिठ्ठी वाचा. जपानमध्ये विकलेले नग १०० व्होल्टचे असतात, आणि मला विकणाऱ्याने ही गोष्ट विचारेपर्यंत सांगितली नव्हती.