रहबामाचे तीन दिवस : जालन्यातल्या एका अभ्यासवर्गाविषयी

संडे स्कूलमध्ये आम्हाला दावीद आणि गल्याथ शिकवला, शलमोनाने बाळाचा न्याय कसा केला तेही शिकवलं. रहबाम कुणी शिकवला नाही. दाविदाचा नातू, शलमोनाचा मुलगा, आणि ज्याच्या एका उत्तरानंतर इस्राएलाच्या बारा वंशांतले दहा हातचे गेले, तो हा राजा. जालन्यातल्या एका मंडळीच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचा, अभ्यासवर्ग चालतो, त्याची खरी किंमत मला या रहबामाच्या अध्यायात कळली. मी बदनापूर तालुक्यात बचत गटांचं काम पाहते. कर्जाच्या हप्त्यावरून गट फुटताना पाहिलेत, अध्यक्षाच्या एका बोलण्यावरून बायका उठून गेलेल्या पाहिल्यात. म्हणून हे लिहायला बसले.

शिकवणारे निवृत्त पाळकसाहेब आहेत. फी ३०० रुपये, त्यात चहा आणि झेरॉक्सच्या नोट्स. पवित्र शास्त्र ज्याने त्याने आपलं आणायचं. वर्गात फक्त ख्रिस्ती नसतात. दूध संस्थेचे सचिव येतात, एक माजी सरपंच येतात, दोन-तीन शिक्षक असतात. प्रार्थनेने सुरुवात होते, पण कुणावर काही लादत नाहीत. शमुवेलाच्या दोन आणि राजांच्या दोन पुस्तकांवर सगळा भर, आणि एका बैठकीत एकच प्रसंग, ओळ न् ओळ वाचून. ही सावकाशी मला सगळ्यांत आवडली.

रहबामाला राजा करायला लोक शखेम गावी जमले, त्या प्रसंगाला साहेबांनी कुणाच्या तरी शेतावरून एक जुनं बाभळीचं जू आणून टेबलावर ठेवलं होतं, शिवळांसकट. मध्यभागी दोर घासून घासून खोल खाच पडलेली. प्रत्येकाने ते उचलून खांद्यावर घेऊन बघायचं. मग वाचन सुरू झालं : ‘तुझ्या बापाने आमचं जू भारी केलं होतं, ते तू हलकं कर, म्हणजे आम्ही तुझी सेवा करू.’ लोकांची मागणी एवढीच होती. सिंहासन नको होतं, बंड नको होतं. रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. शलमोनाच्या दरबारातले म्हातारे सल्लागार म्हणाले, आज तू या लोकांचा सेवक झालास आणि गोड बोललास तर ते जन्मभर तुझे सेवक राहतील. बरोबर वाढलेले सोबती म्हणाले, त्यांना सांग, माझी करंगळी माझ्या बापाच्या कंबरेहून जाड आहे. बापाने आसुडांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. रहबामाने करंगळीचं वाक्य गिळलं आणि विंचवाचं तेवढं बोलून दाखवलं. हा फरक मी याआधी कित्येकदा वाचूनही माझ्या लक्षात आला नव्हता. साहेबांनी सोबत्यांची आणि राजाची, दोन्ही वचनं शेजारी शेजारी फळ्यावर लिहिली तेव्हा दिसला.

जू खांद्यावरून उतरवत सरपंच म्हणाले, “बापानं मोप राबवून घेतलं, अन् आता पोरगं म्हणतंय अजून राबा. काहून थांबतील लोक?” वर्गात यापेक्षा नेमकं कुणी बोललं नाही.

इथे माझं साहेबांशी पटलं नाही, आणि ते मी तिथेच बोलले. त्यांनी बराचसा दोष तरुण सोबत्यांवर टाकला. माझ्या मते फूट त्या तीन दिवसांत पडलीच नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हिशेब आहे : शलमोनाने ३०,००० माणसांची वेठ लावली, महिन्याला १०,००० याप्रमाणे ती लबानोनात लाकडं तोडायला पाठवली, शिवाय ७०,००० ओझी वाहणारे आणि डोंगरात दगड फोडणारे ८०,०००. राजाच्या घरचं अन्न पुरवायला बारा अंमलदार, एकेकाकडे वर्षातला एक महिना. मंदिर सुंदर झालं, पण ते कुणाच्या पाठीवर उभं राहिलं? शेवटी रहबामाने बोलणी करायला पाठवला तोही अदोराम, वेठीवरचाच मुख्य. लोकांनी त्याला दगडांनी मारून टाकलं आणि राजा रथात चढून यरुशलेमला पळाला. ज्याच्या नावाने लोकांच्या अंगावर काटा येतो त्यालाच समेटाला पाठवायचं, याहून मोठी चूक मला सुचत नाही. आमच्याकडेही वसुलीला दमदाटी करणाऱ्यालाच पुढे गट जोडायला धाडतात.

आणखी एक गोष्ट. ‘दाविदाजवळ आमचा काय वाटा?’ ही शखेमची आरोळी नवी नव्हती. दाविदाच्या हयातीतच बिख्रीचा मुलगा शबा हेच ओरडला होता. म्हणजे भेग दोन पिढ्या जुनी. साहेबांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि पुढच्या शनिवारी सुरुवातच शबापासून केली. शिकवणाऱ्याचा हा मोठेपणा मला फार भावला.

निष्ठेवरची बैठकही उत्तम झाली. दाविदाचा जिवलग मित्र योनाथान सगळ्यांना माहीत असतो. साहेबांनी इत्तय घेतला. दाविदाचाच मुलगा अबशालोम याने वेशीच्या वाटेवर उभं राहून लोकांची मनं वळवली, दावीद यरुशलेम सोडून पायी निघाला, अहिथोफेलासारखा मुरलेला सल्लागार पलीकडे गेला. अशा वेळी पलिष्ट्यांच्या गथ शहरातून आलेला हा परका माणूस, त्याच्याबरोबर गथाचेच ६०० जण. दावीद त्याला म्हणतो, तू कालच आलास, परत जा. तो म्हणतो, मरण असो की जीवन, जिथे माझा स्वामी तिथे मी. पुढे दाविदाने सैन्याचा तिसरा हिस्सा त्याच्या हाती दिला, हे मात्र बहुतेक जण वाचत नाहीत. गटात नवी आलेली बाई काय जबाबदारी घेणार, असं म्हणणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

फुटलेल्या दहा वंशांचा, म्हणजे उत्तरेच्या राज्याचा, राजा झालेल्या यराबामावर वेळ कमी पडला. त्याने लोक यरुशलेमला उपासनेला जाऊन पुन्हा तिकडचे होतील या भीतीने बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं उभी केली. फुटून निघालेल्या नेत्याची भीती तिथे कशी बोलते, यावर अख्खी बैठक हवी होती. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे प्रश्नही खूप आले. ढालींचा प्रसंग मात्र छान रंगला : मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा शिशक शलमोनाच्या सोन्याच्या ढाली घेऊन गेला, रहबामाने तशाच पितळेच्या करवल्या, आणि मंदिरात जाताना पहारेकरी त्या वाहत राहिले. उत्तरेचं राज्य इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूरच्या हाती पडलं, रहबामाच्या घराण्याचं दक्षिणेचं इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या. हे एवढ्यावरच उरकलं आणि ते चाललं.

तक्रारी आहेत. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या फिकट की चष्मा लावूनही ओळ लागत नाही. भिंतीवर नकाशा नाही. शखेम, बेथेल, दान कुठे हे कळल्याशिवाय फूट नीट समजत नाही. आणि आबेल गावच्या शहाण्या बाईचा प्रसंग पूर्ण गाळला होता. बंडखोर शबा त्या गावात शिरला होता, आणि दाविदाचा सेनापती यवाब याचं सैन्य तटाला धडका देत असताना तिने वरून हाक मारून त्याला बोलायला लावलं आणि त्या एकट्या शबाच्या बदल्यात अख्खं गाव वाचवलं. नेतृत्वाच्या वर्गात ती नसेल तर मग कोण असावं? मी विचारल्यावर शेवटच्या बैठकीत दहा मिनिटं दिली. तिला पूर्ण शनिवार हवा.

बदनापूर, अंबडकडून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : वर्ग साडेसातला सुटतो, मग गाडी मिळायला त्रास होतो. गावातल्या चौघी मिळून या, म्हणजे परतीची सोय होते. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. नाव देताना नकाशा आणि आबेलची बाई, दोन्ही मागून घ्या, साहेब ऐकतात.