लाल आकडा दाखवून आमचा हंगाम खाल्ला

आंबा, काजू, होमस्टे, पापड-लोणची असा छोटा धंदा ज्यांचा वेबसाईटवर चालतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. "मॅडम, तुमची साईट जुनी झाली, मोबाईलला चालत नाही, ३१ मार्चनंतर गूगल काढून टाकणार" असा फोन आला तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

आमची देवगडला हापूसची बाग. बागेचं दादा बघतो, पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी मी घेते. साईट साधीच, ओळखीतल्या एका मुलाने केलेली. साईट करून देणाऱ्यांचा असा फोन आला जानेवारीत. झाडांवर मोहोर, दादा फवारणीच्या गडबडीत. ही वेळ मुद्दाम साधलेली असते, कारण मार्च ते मेमध्ये जे विकलं जाईल त्यावरच आमचं वर्ष निघतं.

व्हॉट्सॲपवर पेजस्पीड इनसाइट्सचा, म्हणजे साईट किती वेगाने उघडते ते मोजणाऱ्या साधनाचा, स्क्रीनशॉट आला. लाल गोलात शंभरपैकी २३. साधन गूगलचंच, फुकट, आणि आकडाही खोटा नव्हता. पण ४९ पर्यंत सगळंच लाल येतं, मोठमोठ्या बातम्यांच्या साईटही मोबाईलच्या चाचणीत लाल निघतात. आमच्याकडचं कारण पहिल्याच पानावर होतं. बागेचे फोटो कॅमेऱ्यातून काढून जसेच्या तसे चढवलेले, एकेक सहा-सात एमबीचा. ते लहान करायचं काम तासाभराचं. त्यासाठी 'संपूर्ण रीडिझाईन' म्हणून ८५,००० रुपयांचं कोटेशन, निम्मे आगाऊ.

मुदतीची गोष्टही अशीच अर्धी खरी. जी साईट मोबाईलवर मुळीच उघडत नाही ती ५ जुलै २०२४ नंतर शोधात घेणार नाही, असं गूगलने खरोखर जाहीर केलं होतं. आमची उघडत होती, नुसती सावकाश. ३१ मार्च ही तारीख यांच्याच डोक्यातली. बिलात 'एसएसएल सर्टिफिकेट ९,००० रुपये' अशीही एक ओळ. साईटचा पत्ता एचटीटीपीऐवजी सुरक्षित एचटीटीपीएस करणारं हे सर्टिफिकेट. क्रोम २०१८ पासून साध्या एचटीटीपी साईटवर 'नॉट सिक्युअर' दाखवतो, त्यामुळे घाबरवणं सोपं. तसलं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, आणि बरेच होस्टिंगवाले ते स्वतःच लावून देतात.

तेव्हा हे काही माहीत नव्हतं, घाबरून काम त्यांनाच दिलं. खरं नुकसान पुढे झालं. नवी साईट दिसायला झकास, हिरवीगार, वर आंबा गोल फिरतोय. पण 'देवगड हापूस पेटी दर' शोधलं की आमचं जे पान वर यायचं, त्याचा पत्ताच (लिंक) बदललेला. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारं ३०१ रीडायरेक्ट लावलंच नव्हतं. भर एप्रिलमध्ये गिऱ्हाईक क्लिक करतंय आणि समोर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. ऑर्डरचा फॉर्म भरला तरी मेल जायचा यांच्याकडे, आम्हाला पत्ता नाही. आढीतला आंबा काय थांबतो थोडाच! पेट्या शेवटी वाशीला गेल्या, मिळेल त्या भावाने.

जाब विचारला तर म्हणे, "मेंटेनन्स पॅकेज घ्या, वर्षाला ३०,०००." नाही म्हटल्यावर साईट बंद. 'डीएनएस बदलायचाय' (साईटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ती नोंद) म्हणून मागून घेतलेल्या पासवर्डने डोमेनच, म्हणजे साईटचं नावच, त्यांनी स्वतःच्या खात्यात वळवलं होतं. डॉट इन नावांचे वाद ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या आयएनडीआरपी नावाच्या वाद-निवारण धोरणाखाली नेता येतात, पण फी आणि कागदपत्रं बघून दादा म्हणाला, "त्यात दुसरा हंगाम जाईल."

साईट बदलायची गरज नव्हतीच असं नाही हं. दर बदलायचा तर दरवेळी त्या मुलाच्या पाया पडायचं, आणि मोबाईलवर दराचा तक्ता इतका बारीक दिसायचा की "ताई, पाच डझनाची पेटी केवढ्याला?" असे फोन दिवसभर. कुणाच्या स्क्रीनशॉटपेक्षा मी या फोनवर विश्वास ठेवीन. असे फोन येत असतील, गूगल शोधातून साईटवर किती क्लिक आले ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये गेल्या हंगामापेक्षा क्लिक घटलेले दिसत असतील, तर साईट जरूर बदला, पण पावसाळ्यात. जुन्या पानांचे पत्ते नव्याकडे वळवणं हे कामाच्या यादीत लिहून घ्या, शेवटचा हप्ता ते तपासूनच द्या. आणि डोमेनच्या खात्याचा पासवर्ड, ओटीपी कुणालाही नको. डीएनएसमधला बदल आपल्या समोर, आपल्याच लॉगिनने करून घेता येतो.

जुन्या नावावर आता आमचेच फोटो आणि भलताच नंबर आहे, पेटीचे पैसे आगाऊ मागतात. कांदिवलीच्या एका गिऱ्हाईकाचे तसे गेलेही. त्यांना लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली. आम्ही नव्या नावाने साईट सुरू केली आहे आणि जुन्या सगळ्यांना व्हॉट्सॲपवर कळवलंय की पैसे भरण्याआधी दादाशी बोला.