लायसन्स नंबर होता, पण कशाचा?

घर तपासायला ५२५ डॉलर दिले आणि आता त्याच घराखालच्या दुरुस्तीला ३८,४०० डॉलर मोजून बसलोय. हा आकडा आई-बाबांना अजून सांगितलेला नाही. पण कॅलिफोर्नियाच्या बे एरियात घर घेणारे आपले लोक आजही अशाच माणसांना बोलावतायत, म्हणून लाज गिळून लिहितोय.

मार्च २०२१. तेव्हाचा बाजार आठवत असेल, लोक तपासणी सोडून देऊन ऑफर टाकत होते. आम्ही तसं केलं नाही. घर १९६२ चं, म्हणून मी हट्टाने होम इन्स्पेक्शन करवून घेतलं. माणूस एजंटनेच सुचवला. (एजंटने सुचवलेला कधीही घेऊ नका. सौदा मोडेल असं लिहिणाऱ्याला एजंट पुन्हा कशाला बोलावेल?) त्याच्या ईमेलखाली 'सर्टिफाइड' आणि पुढे लायसन्स नंबर. लायसन्स म्हटल्यावर सरकारने परीक्षा घेतली असणार, असं कोणीही धरून चालेल.

तो ९ वाजून १० मिनिटांनी आला आणि सव्वादहाला निघालासुद्धा. आमची क्रॉल स्पेस, म्हणजे फरशीखालची पोकळी, जेमतेम दोन फूट उंच, पोटावर सरपटत जावं लागतं. खाली सगळं ठीक आहे म्हणाला. त्याच्या खाकी पँटच्या गुडघ्यांवर मातीचा कण नव्हता. मी ते पाहिलं होतं! बायकोने हळूच विचारलंही, "अरे, हा खाली गेला कधी?" आणि मी तिलाच गप्प केलं. चार वर्षं उलटली, त्या स्वच्छ पँटचा विचार डोक्यातून जात नाही. इन्स्पेक्टर खाली उतरेपर्यंत भोकापाशी उभे राहा. त्याला राग आला तर येऊ दे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाथरूमची फरशी दबायला लागली. प्लंबर खाली गेला. बिडाचा ड्रेन पाइप गंजून फुटलेला, सांडपाणी मातीत मुरत होतं आणि फरशी पेलणारे लाकडी वासे (जॉइस्ट) कुजलेले. मग रिपोर्ट काढून पाहिला. फोटोत जमिनीवर काळं प्लॅस्टिक अंथरलेलं. आमच्या घराखाली नुसती माती आहे. फोटो दुसऱ्याच कुणाच्या घराचा!

तक्रार करायला गेलो तेव्हा कळलं, तो नंबर शहराच्या धंदा-कराचा होता. कॅलिफोर्नियात होम इन्स्पेक्टरला राज्याचं लायसन्सच नाही. केस कापायला लागतं, वाळवी तपासायला लागतं, आयुष्याची कमाई घालून घेतलेलं घर तपासायला नाही. एका कार्यालयाने सांगितलं, आम्ही लायसन्स देत नाही तर रद्द काय करणार? दुसऱ्याने पहिल्याकडे पाठवलं. शहर म्हणालं, आम्ही फक्त कर घेतो. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. खोटा फोटो लावून पैसे घेतले, तरी दिवाणी मामला! नऊ फोन केले. एकानेही तक्रार लिहून घेतली नाही.

इन्स्पेक्टरने करारातलं कलम दाखवलं: जबाबदारी फक्त फीइतकी. ५२५ घ्या आणि दावा सोडल्याची सही करा. करू नका अशी सही. फीपुरती जबाबदारी मर्यादित करणारं कलम इथल्या कायद्याने अवैध आहे. पण विमा सक्तीचा नाही आणि याच्याकडे नव्हताच. वकिलाने पहिला प्रश्न विम्याचाच विचारला आणि नाही म्हटल्यावर विषय संपवला. न्यू जर्सीतला माझा आतेभाऊ सांगत होता, तिकडे लायसन्स लागतं आणि चुकीच्या तपासणीसाठी किमान ५ लाख डॉलरचा विमाही. २००४ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने असंच कलम फेटाळलं होतं. फी ३८५ डॉलर, कलमाप्रमाणे भरपाई १९२.५० फक्त. लायसन्सच्या कायद्याचा हेतूच अशा कलमाने मोडतो, हेही कोर्टाने धरलं. तिथे कायद्यामागे पैसे उभे असतात. इथे कायदा आहे, पैसे कोणाकडून घ्यायचे?

शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांचं कोर्ट. तिथे वकील चालत नाही आणि मर्यादा १२,५०० डॉलर. सगळी कागदपत्रं मी स्वतः मांडली आणि जिंकलो. हाती एक डॉलर आलेला नाही. त्याची कंपनी बंद, तो राज्य सोडून गेला, आणि वसुली कोर्ट करत नाही, तुम्हीच करायची. इन्स्पेक्टरच्या विम्याचं सर्टिफिकेट विमा कंपनीकडून थेट मागवा, त्याने पाठवलेली पीडीएफ नको. १९६० च्या आसपासचं घर असेल तर ड्रेनमध्ये कॅमेरा घालणारा प्लंबर वेगळा बोलवा.

आणि गेल्या चार वर्षांत घर घेतलेल्यांनी आजच रिपोर्ट काढून खालचे फोटो स्वतःच्या घराशी ताडून पाहा. दाव्याची मुदत तपासणीच्या दिवसापासून चार वर्षं असते, दोष सापडल्यापासून नाही. माझे जेमतेम चार आठवडे उरले होते.