जॅक आयरिश: बॅड डेट्स (Bad Debts, म्हणजे बुडीत कर्जं) – रिकाम्या झालेल्या जागेचा रहस्यपट

जमिनीचे दलाल आणि रातोरात फिरलेले सातबारे कोकणात ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना हा ऑस्ट्रेलियन रहस्यपट इतरांपेक्षा लवकर उलगडेल. एबीसी वाहिनीने तो २०१२ मध्ये खास टीव्हीसाठी केला. आधार पीटर टेंपलच्या १९९६ च्या कादंबरीचा, दिग्दर्शन जेफ्री वॉकरचं.

जॅक (गाय पिअर्स) मेलबर्नचा फौजदारी वकील. एका अशिलाने जॅकच्याच बायकोला ठार केल्यावर त्याने कोर्ट सोडलंय. आता तो थकलेली येणी वसूल करतो. डॅनी मॅककिलप हा जुना अशील त्याच्यासाठी फोनवर निरोप ठेवतो. जॅक दखल घेईपर्यंत डॅनी पोलिसांच्या गोळीने मेलेला असतो. गाडीखाली एका बाईचा जीव घेतल्याबद्दल डॅनीने तुरुंग भोगलेला, आणि त्या खटल्यात त्याचा वकील जॅकच होता. ती बाई सरकारी घरांची एक वसाहत बंद पाडण्याविरुद्ध लढत होती. ही माहिती ओझरती येते, पण सगळी मेख तिथेच आहे. खून कोणी केला यापेक्षा वसाहत उठल्यावर ती जागा कोणाच्या घशात गेली, एवढंच विचारत राहा.

सर्वांत सुंदर भाग सुतारकामाचा. जॅक म्हाताऱ्या चार्ली टाऊबच्या हाताखाली काम शिकतो. फणसाच्या लाकडावर रंधा मारणारे हात ज्यांनी पाहिलेत, त्यांची नजर इथे खिळेल. व्हादिम ग्लोव्नाने चार्ली फार मायेने उभा केलाय. पबमधले म्हातारे मेलबर्नच्या फिट्झरॉय फुटबॉल क्लबसाठी हळहळतात. तो क्लब १९९६ मध्ये ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला, हे माहीत असलं की ते प्रसंग भिडतात. घोड्यांच्या शर्यतींचा भाग मात्र वेगळा आहे, त्यात खुनाचा धागा शोधत बसू नका.

शेवटचा टप्पा घाईचा झालाय. पुढारी, पोलीस, बिल्डर यांची नावं नुसत्या संवादांतून भराभर येतात आणि कोण कोणाचा माणूस हे निसटतं. नावं कागदावर टिपून ठेवा. उच्चार मेलबर्नचे, बोलणं पुटपुटतं, म्हणून इंग्रजी सबटायटल लावाच. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर मोबाईलच्या स्पीकरवर काही कळणार नाही, हेडफोन हवेत.

आवडला तर पुढे ‘ब्लॅक टाइड’ (२०१२), मग ‘डेड पॉइंट’ (२०१४) याच क्रमाने पाहा. पत्रकार लिंडाशी (मार्टा डुसेलडॉर्प) जॅकचं नातं चित्रपटागणिक बदलत जातं.