टिंडर, बंबल, हिंज, ओकेक्युपिड, फेसबुक डेटिंग: फुकटात वापरायचं तर कोणतं?

डेटिंग अ‍ॅप निवडताना बहुतेक जण विचारतात, माणसं कुठे जास्त आहेत? मी उलटं विचारतो: खोटं प्रोफाइल उभं करायला कुठे जास्त कष्ट पडतात? ठगाला एका वेळी ढीगभर खाती चालवायची असतात. एकेका खात्यावर तासभर घालवावा लागला की त्याचा धंदा बसतो. म्हणून पाचही अ‍ॅप मी याच तराजूत घातली आहेत.

टिंडर सगळ्यात हलकं भरतं. चार फोटो, जमलं तर एखादी ओळ, की झालं प्रोफाइल. बघणाराही फोटोवरच बोट सरकवतो, त्यामुळे खोटं पकडायला हाताशी मजकूरच नसतो. फुकट खात्यात आणखी एक आमिष आहे: तुम्हाला कोणी लाइक केलं ते धूसर करून दाखवतात, नीट बघायचं तर पैसे मोजा. त्या धूसर चेहऱ्यांसाठी पाकीट उघडू नका.

हिंजवर फोटोंखेरीज तीन प्रश्नांची उत्तरं लिहावीच लागतात, आणि लाइक करताना नेमका कुठला फोटो किंवा कुठलं उत्तर आवडलं ते निवडावं लागतं. फुकट खात्याला दिवसाचे लाइक मोजकेच मिळतात. लोक याच्यावरच चिडतात, पण सरसकट जाळं टाकणाऱ्यालाही हीच अडचण होते. ज्याची उत्तरं कुणाच्याही तोंडी शोभतील अशी गुळगुळीत आहेत, ते प्रोफाइल मी पुढे ढकलतो.

ओकेक्युपिड या सगळ्यांत जुनं, २००४ सालचं. प्रश्नांचा डोंगर आहे आणि उत्तरांवरून जुळणीची टक्केवारी निघते. पडताळणीला याच्याइतकं साहित्य दुसरीकडे मिळत नाही: शेकडो उत्तरं देणारा माणूस गप्पांत त्यांच्या विरुद्ध बोलला तर लगेच लक्षात येतं. पण तीच उत्तरं तुमचीही असतात. २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या काही जणांनी जवळपास ७०,००० वापरकर्त्यांची माहिती, उत्तरांसकट, अ‍ॅपवरून गोळा करून खुली टाकली होती. धर्म, राजकारण आणि शयनगृहाबद्दलचे प्रश्न सोडून द्या, किंवा उत्तर खासगी ठेवा.

बंबलचा नियम प्रसिद्ध आहे: स्त्री-पुरुष जोडी जुळली की पहिला शब्द बाईचा, तोही २४ तासांत. २०२४ पासून तिने आधीच एक प्रश्न ठरवून ठेवायचा आणि त्याला पुरुषाने उत्तर द्यायचं, अशीही मुभा आली. बायकांना याचा फायदा उघड आहे, नको त्या मेसेजांचा पाऊस थांबतो. पुरुषांनी मात्र सावध राहावं. समोरून आपणहून आलेला मेसेज मनाला गुदगुल्या करतो, आणि बाईच्या नावाने खातं चालवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. बंबलची खरी जमेची बाजू म्हणजे नंबर न देता अ‍ॅपमधूनच व्हिडिओ कॉल करता येतो.

फेसबुक डेटिंग पूर्ण फुकट आहे, पण सगळ्या देशांत मिळत नाही. नाव आणि वय मूळ खात्यातून येतं, तुमचे मित्र सुचवले जात नाहीत, आणि सुरू करतानाच संदेशांतून फोटो, लिंक किंवा पैसे पाठवायची सोय ठेवलेली नव्हती. कागदावर हे छान दिसतं. पण जुनं हॅक केलेलं खातं हाती आलं की ठगाला वयही आयतं मिळतं आणि इतिहासही.

आता निळ्या टिकबद्दल. टिंडर, बंबल, हिंज तिन्हीकडे सेल्फीवरून चेहरा पडताळून खूण मिळते. त्यातून एवढंच कळतं की फोटोतला चेहरा खातं चालवणाऱ्याचाच आहे. नाव खरं का, नोकरी खरी का, घरी बायको आहे का, हे टिक सांगत नाही. टिक नसेल तर सावध व्हा, पण टिक आहे म्हणून ढिले पडू नका. फोटो दुसरीकडून उचललाय का, हे गुगल लेन्स किंवा टिनआय या फोटो शोधणाऱ्या साधनांवर टाकून बघायला मिनिटही लागत नाही. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला चेहरा सहसा कुठेच सापडत नाही, म्हणून 'काही सापडलं नाही' यावर भिस्त ठेवू नका.

ठिकाणाच्या बाबतीत कुणालाच पूर्ण गुण नाहीत. २०२४ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी १५ अ‍ॅप तपासली, तेव्हा सहांमध्ये माणसाची जागा जवळजवळ अचूक काढता येत होती. त्यांत बंबल आणि हिंजही होती. नंतर ही फट बुजवली गेली. तरी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपला अचूक ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाणच द्या.

निवड सांगायचीच तर: पहिल्यांदाच येणाऱ्याला मी हिंज सुचवेन, बाईला बंबल, आणि निवांत वाचत बसायची हौस असेल त्याला ओकेक्युपिड. टिंडर घ्यायचंच असेल तर टिक असलेल्यांशीच बोला.

मात्र मोठी फसवणूक बहुधा अ‍ॅपबाहेर नेऊन होते. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे २०२२ मध्ये प्रेमाच्या नावाखाली फसवल्याच्या जवळपास ७०,००० तक्रारी आल्या आणि बुडालेली रक्कम १३० कोटी डॉलर होती. पैसे गमावलेल्यांपैकी ४० टक्क्यांची ओळख सोशल मीडियावर सुरू झाली होती, वेबसाइट किंवा अ‍ॅपवर १९ टक्क्यांची. म्हणून डेटिंग प्रोफाइलला इन्स्टाग्राम जोडू नका. सगळ्यात जास्त चाललेली थाप होती 'मी किंवा माझं जवळचं माणूस आजारी, जखमी किंवा तुरुंगात आहे'. त्याखालोखाल 'तुला गुंतवणूक शिकवतो'. दुसरी जास्त घातक वाटते, कारण तीत कुणी हात पसरत नाही. आधी खोट्या अ‍ॅपवर नफा दिसतो, थोडे पैसे परतही मिळतात, आणि मग मोठी रक्कम गिळली जाते.

दुसऱ्याच दिवशी 'व्हॉट्सअ‍ॅपवर ये' म्हणणाऱ्याला व्हिडिओ कॉलचं विचारा. तीनदा कॅमेरा बिघडला तर पुरे. पण संशय आला म्हणून लगेच जाब विचारू नका. समोरच्याने अनमॅच केलं, म्हणजे जुळणी तोडली, की सहसा अख्खं संभाषण तुमच्या फोनवरूनही गायब होतं आणि तक्रारीला पुरावा उरत नाही. आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, आणि शेवटी ब्लॉक.